‘नाही, पण काही आहेत’: वाघोबावरच्या लेखाला आलेल्या प्रतिक्रियेचं उत्तर

नमस्कार.

वारल्यांच्या वाघोबा या वाघदेवावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया मी चार-पाच वेळा वाचली. इतर वाचकांसाठी तिचा गोषवारा देते. भीतीपोटी दगडाला, झाडाला, वाघाला देव मानणं ही धर्माची सगळ्यात खालची पायरी आहे आणि विज्ञान आल्यावर ती सुटायलाच हवी. माझ्यासारखे लोक तिला ‘जीवनदृष्टी’ म्हणत आदिवासींना मागे ठेवतात. भगत, म्हणजे देवऋषी, आणि भुताळी, म्हणजे चेटकीण ठरवली गेलेली बाई, यांबद्दल मी अक्षरही लिहिलेलं नाही. आणि वारली हे शेवटी हिंदूच, त्यांच्यात वेगळं काय शोधायचं?

भुताळीपासून सुरुवात करते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे.

डहाणू तालुक्यात मी सहा वर्षं शिकवत होते. दुसऱ्याच वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीची आत्या पाडा सोडून गेली. शेजारचं मूल तापाने गेलं होतं. भगताने तांदळाचे दाणे पाहिले आणि नाव तिचं निघालं. ती विधवा होती, तिच्या नावावर थोडी जमीन होती. वर्गातली मुलं दबक्या आवाजात बोलत होती ते मला ऐकू येत होतं. मी फळ्यावर गणित लिहीत राहिले. हे मी लेखात लिहिलं नाही, कारण वाघोबाबद्दल लिहिताना मला ते आठवायचं नव्हतं. ती माझी चूक.

डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर काही दिवसांतच राज्याने जादूटोणाविरोधी अध्यादेश काढला आणि २०१३ सालीच त्याचा कायदा झाला. एखाद्या व्यक्तीवर करणी किंवा जादूटोणा केल्याचा आळ घेऊन तिला छळणं हा त्यात गुन्हा आहे. साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणं हाही गुन्हा आहे. हा कायदा पाड्यापाड्यावर पोचायला हवा, याबद्दल तुमच्या-माझ्यात काहीच वाद नाही.

वाद पायरीबद्दल आहे. ही पायऱ्यांची कल्पना तुमच्याआधी एडवर्ड टायलर या इंग्रज अभ्यासकाने १८७१ साली मांडली. स्वप्नात मेलेली माणसं दिसतात, म्हणून आदिमानवाला वाटलं की शरीराहून वेगळा आत्मा असतो, आणि मग तो त्याने झाडात, दगडात, प्राण्यात पाहिला. आपल्याकडे याला जडप्राणवाद म्हणतात. टायलरच्या मते हे जगाचं चुकलेलं स्पष्टीकरण होतं, आणि चुकलेलं स्पष्टीकरण बरोबर उत्तर मिळालं की गळून पडतं.

पण मी पाहिलेली माणसं स्पष्टीकरण शोधत नव्हती. नारनदेव हा वारल्यांचा पावसाचा देव. पाऊस मोसमी वाऱ्याने येतो हे माझ्या विद्यार्थ्यांना पाठ होतं, त्यांचे वडील मोबाइलवर हवामानाचा अंदाज बघत होते, आणि तरी नारनदेवाचं करणं थांबलं नव्हतं. पाऊस कशाने पडतो हा प्रश्न त्यांनी नारनदेवाला कधी विचारलाच नव्हता. ज्याच्या जिवावर आपलं वर्ष चालतं त्याच्याशी कसं वागायचं, हे त्यांना ठरवायचं होतं.

दगडाबद्दल बोलताना मला नेहमी एक गोष्ट आठवते, आणि ती आपल्याकडची नाही. ए. अर्व्हिंग हॅलोवेल हे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ कॅनडातल्या ओजिब्वे लोकांमध्ये राहून अभ्यास करत होते. ओजिब्वे भाषेच्या व्याकरणात ‘दगड’ हा शब्द सजीवांच्या गटात येतो. म्हणून त्यांनी एका म्हाताऱ्याला विचारलं, ‘इथे आपल्याभोवती दिसणारे हे सगळे दगड जिवंत आहेत का?’ म्हातारा बराच वेळ विचारात पडला. मग म्हणाला, ‘नाही. पण काही आहेत.’

टायलरचा सिद्धांत इथे अडखळतो, असं मला वाटतं. सगळीकडे आत्मा पाहणारा माणूस थांबून विचार का करेल? तो म्हातारा अनुभव आठवत होता. कुठल्या दगडाशी कुणाचा संबंध आला, कुठला कुणाला काही बोलला, हे तो मनात तपासत होता.

डहाणूतही रानातला प्रत्येक दगड वाघोबा नसतो. वाघोबाचं ठाणं ठरलेलं असतं. दगडावर किंवा लाकडावर वाघ कोरलेला, वर चंद्र-सूर्य, अंगाला शेंदूर. काही वर्षांपूर्वी अभ्यासकांनी वारल्यांच्या मुलखात अशी सुमारे दीडशे ठाणी नोंदवली. मी ऐकलेली कथा अशी: एका बाईचं मूल वाघाचं रूप घ्यायचं आणि गुरं मारायचं. गाव चिडलं. तेव्हा आईने त्याला रानात राहायला पाठवलं आणि गावाने वर्षातून एकदा त्याला मान द्यायचं कबूल केलं. म्हणजे हा करार आहे, आणि तो वाघबारशीला, आपण वसुबारस करतो त्याच दिवशी, दर वर्षी नव्याने पाळला जातो.

हे भीतीपोटी आहे, असं तुम्ही म्हणता. बिबट्याने बकरी नेली त्याच्या दुसऱ्या दिवशी एक म्हातारा वाघोबाच्या ठाण्यासमोर उभा राहून भांडताना मी पाहिला आहे. ‘तुला मान दिला ना? मंग माझी बकरी कशाला नेली?’ तो खरोखर रागावला होता. ज्याची नुसती भीती वाटते त्याला कोणी जाब विचारत नाही. आपण जाब विचारतो तो शब्द मोडणाऱ्या शेजाऱ्याला.

जून महिन्यात पहिल्या पावसानंतर रानात कोळीची भाजी उगवते. हिरवी, कोवळी, पातीसारखी पानं. पण गावाने देवाला दाखवून सण केल्याशिवाय ती कोणी तोडत नाही. नवा भातही असाच, आधी कणसरीला, म्हणजे धान्याच्या देवीला, मग आपल्याला. पहिल्या वर्षी मला बाजारात ती भाजी दिसली आणि मी घेऊन आले. वर्गातल्या मुलींनी माझ्याकडे पाहिलं ते मी विसरलेले नाही. पाहुण्यांच्या आधी पानावर बसलेल्या माणसाकडे आपण पाहतो, तसं.

या प्रथेमागे विज्ञान आहे, रोपाला वाढायला वेळ मिळतो, असं अनेक जण सांगतात. वेळ मिळतही असेल. पण तो बचाव मला नको आहे. देवाला मागच्या दाराने प्रयोगशाळेत नेऊन प्रमाणपत्र आणायचं, ही त्या लोकांच्या श्रद्धेला आधार देण्याची रीत नव्हे. रान आपलं एकट्याचं नाही, म्हणून हात घालण्याआधी विचारायचं, हे स्वतःच्या बळावर उभं राहणारं म्हणणं आहे.

‘खालच्या पायरी’वर लग्न कोण लावतं, हेही सांगते. धवलेरी. बाई असते ती. सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघट ही लग्नाची देवी येते, आणि धवलेरी गाणी म्हणत लग्न लावते. चौकाशिवाय लग्न होत नाही. शहरात आपण वारली चित्रं पिशव्यांवर, कपांवर छापतो. तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याभोवतीचा नाच सगळ्यांनी घेतला, पालघट मात्र भिंतीवरच राहिली. जिच्यासाठी ते चित्र लिहिलं जातं तिची आपण साधी चौकशीही केली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता ‘मागे ठेवण्या’बद्दल. ओडिशात नियमगिरी डोंगरावर डोंगरिया कोंध राहतात, तो डोंगर त्यांच्या नियमराजा या देवाचा. तिथल्या बॉक्साइटच्या खाणीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी सांगितलं की त्या लोकांच्या धार्मिक हक्काचा प्रश्न ग्रामसभांनी ठरवावा. त्या पावसाळ्यात १२ ग्रामसभा झाल्या आणि बाराच्या बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. त्यांना कोणी मागे ठेवलं नव्हतं. त्यांना विचारलं गेलं आणि त्यांनी उत्तर दिलं.

हिंदू की नाही, यावर मी थोडंच लिहीन, कारण ते ठरवणारी मी कोणी नाही, आणि माफ करा, तुम्हीही नाही. २०११च्या जनगणनेत सुमारे ४९ लाख लोकांनी धर्माच्या रकान्यात ‘सरना’, म्हणजे पूर्व भारतातल्या आदिवासींचा निसर्गपूजक धर्म, असं लिहिलं. अनेक वारली हिंदू असं लिहितात, महालक्ष्मीच्या जत्रेला जातात, आणि घरात हिरवा हा त्यांचा घरचा देवही असतो. त्यांना त्यात अडचण वाटत नाही.

त्या मुलीची आत्या मला नंतर भेटली. तलासरीच्या बाजूला भावाकडे राहत होती. मी माफी मागितली, ती तिला नीट कळली की नाही ठाऊक नाही. घरात कोपऱ्यात टोपलीत मोरपिसांचा जुडगा होता, तिचा हिरवा. पाडा सोडताना तिने एवढंच बरोबर घेतलं होतं. मी विचारलं, अजून करतेस याचं? ती म्हणाली, ‘मला भगतानं हाकललं. यानं नाय.’

मूळ लेखात मी आज भुताळीबद्दलचा भाग जोडते आहे, तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख करून. वाघोबाबद्दलचा भाग आहे तसाच राहील.