फॉस्टर सिटीतला बांध आणि ‘लुटीचा’ कर

कॅलिफोर्नियातील फॉस्टर सिटीविषयी एक संदेश मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. हे मूळचेच तळ्यांचे बेट आहे, घरामागच्या धक्क्यावरून बोट थेट सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत नेता येते, आणि गावात कधी पाणी शिरलेले नसल्यामुळे बांधासाठीचा कर ही निव्वळ लूट आहे, असे त्यात म्हटले आहे. तिथे घर पाहणाऱ्या माझ्या आतेभावाला आत्याने हाच संदेश ‘नीट वाच’ म्हणून पाठवला, तेव्हा गप्प बसवेना.

ही जागा म्हणजे ब्रूअर बेट, भरतीच्या पाण्याचे खाजण. बांध घालून तिथे आधी शेती झाली. 1960च्या दशकात टी. जॅक फॉस्टर यांनी खाडीच्या तळाची रेती उपसून भराव घातला. आजचे तळे त्यांच्याच आराखड्यातले आहे. बोटीचे म्हणाल तर तळे आणि खाडी यांच्यामध्ये झडपा आणि पंप आहेत, त्यामुळे ती तळ्यातच फिरते, आणि तीही शिडाची, वल्ह्यांची किंवा विजेवरची.

खरा घातक मुद्दा कराचा आहे. सपाट, सखल गावातले पावसाचे पाणी आपोआप खाडीत जात नाही. ते रस्त्यांवरून तळ्यात येते आणि तिथून पंपाने बाहेर टाकावे लागते. म्हणूनच हिवाळ्यात तळ्याची पातळी मुद्दाम उतरवतात आणि धक्क्यांचे खांब एरवीपेक्षा अधिक उघडे पडतात. खाडीला बाहेर थोपवतो तो बांध. पाणी शिरले नाही ते त्याच्यामुळे, आणि संदेश लिहिणारा तेच कारण दाखवून बांध अनावश्यक ठरवतो! ‘फेमा’ या अमेरिकेच्या केंद्रीय आपत्ती-व्यवस्थापन संस्थेने 2014 मध्ये हा बांध तिच्या निकषांपेक्षा अपुरा असल्याचे कळवले होते. तो तसाच ठेवला असता तर गाव पूरक्षेत्रात गणले जाऊन गृहकर्ज असलेल्यांवर पूरविमा सक्तीचा झाला असता. 2018 मध्ये मतदारांनीच बांधाच्या कामासाठी 9 कोटी डॉलरच्या रोख्यांना दोन तृतीयांशांहून अधिक मतांनी मंजुरी दिली. कर त्या रोख्यांच्या परतफेडीचा आहे.

करांविषयीचा राग अगदीच निराधार नाही, हे मान्य करावे लागते. 1960 मध्ये विधिमंडळाने स्थापलेल्या ‘एस्टेरो सुधारणा जिल्हा’ या स्थानिक संस्थेने विकासासाठी रोखे काढले, त्यांचा भार रहिवाशांवर पडला आणि कारभारात वजन मात्र विकासकाचे राहिले. त्या असंतोषातूनच 1971 मध्ये स्वतंत्र शहर झाले. आताचा कर लोकांनी स्वतः मतदान करून घेतलेला आहे. आतेभावाने घर घेण्यापूर्वी मालमत्ता कराच्या बिलात ती रक्कम जरूर पाहावी आणि हप्त्याच्या हिशेबात धरावी.