घड्याळाच्या आधीचा अर्धा तास

'रोज हजार शब्द लिहा, लेखन आपोआप सुधारतं' हे एका लेखात वाचलेलं वाक्य अर्धंच पटलं. मी दोन वर्षं नेमाने रोज लिहिलं. झालं काय, तर जुन्याच चुका जास्त सफाईने करायला लागलो. परिच्छेदाच्या शेवटी हमखास एक टाळीचं वाक्य, आणि जिथेतिथे 'जणू'. एकदा जुनी वही काढून पेन्सिलीने 'जणू'भोवती गोल केले, तर एकाच पानावर सात! रोजच्या सरावाने हात सैल झाला होता, नजर होती तिथेच.

एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप याचं उदाहरण नेहमी दिलं जातं. टपाल खात्यातली नोकरी सांभाळून पहाटे साडेपाचला लिहायला बसायचा. समोर घड्याळ, दर पंधरा मिनिटांना 250 शब्द. पण त्याआधीचा अर्धा तास तो आदल्या दिवशीचं लिखाण वाचायचा, शब्दांचा नाद कानाने तोलत. खरी गोम इथे आहे, आणि सांगताना नेमकी हीच गळते.

मी आता शब्द मोजणं सोडलंय. कालचं पान मोठ्याने वाचतो, जीभ अडखळेल तिथे खूण करतो, मग पुढचं. कधीकधी दिवसाकाठी चारच ओळी होतात. 'जणू'चं म्हणाल, तर परवाच्या पानावर दोन सापडले.