इंदुरात काटकसर करावी ती अशी

पुण्याहून नोकरीला किंवा नागपूरहून भंवरकुआँ भागातल्या क्लासला आलेल्या प्रत्येक मराठी माणसाला पहिल्या आठवड्यात बजेट सांभाळायची हुक्की येते. येऊ द्यावी. फक्त त्यासाठी खाणं कमी करायला जाऊ नये. आजवर या शहरात ते कुणाला जमलेलं नाही. त्याऐवजी एक चांगली जाड वही घ्यावी. कशावर किती गेले याला इंदुरात महत्त्व नाही. ते कोणत्या खाती टाकायचं हे कळलं की तुम्ही तरलात.

'जेवण' या खाती फक्त पोळी, भाजी, वरण, भात. बाकी जे तोंडात जातं ते जेवण नव्हे. खात्री हवी तर रामबाग या मराठी वस्तीतल्या कुठल्याही आजींना विचारा. पोहे, जिलबी, कचोरी आणि वर एक समोसा खाऊन आलेला नातू "अजून काहीच खाल्लं नाही" म्हणतो आणि आजी कळवळून पान वाढतात. दोघंही खोटं बोलत नसतात.

सकाळी पोहे. तुमच्या आईचे फोडणीत परतलेले कांदेपोहे क्षणभर विसरा. इथले पोहे उकळत्या पाण्याच्या वाफेवर गरम राहतात, तेल जेमतेम, आत बडीशेप, वर जीरावन मसाला आणि लिंबू. तेल कमी, म्हणजे खर्च 'प्रकृती' खाती. वर मूठभर शेव पडते, तिची नोंद करू नये. इंदुरात शेव हा पदार्थ नाही. घरी वरण-भातावरसुद्धा ती न विचारता पडते. शेजारच्या कढईतली जिलबी मात्र घ्यावीच लागेल. नुसते पोहे खाऊन निघणं म्हणजे लग्नाला जाऊन अक्षता खिशातच घेऊन परतणं.

डॉक्टरांनी दिवसाला एकच जिलबी सांगितली असेल तर आज्ञा पाळा. रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत जाऊन जलेबा, म्हणजे थोरली जिलबी, मागा. तो एकच असतो. वजन पाव किलोच्या घरात जातं, पण डॉक्टर वजनाबद्दल काही बोलले नव्हते.

साबुदाण्याची खिचडी 'देवधर्म' खाती. सराफ्यात ती मध्यरात्रीही मिळते, वरून फराळी चिवडा, मिरची आणि लिंबू. त्या दिवशी चतुर्थी नसेल, एकादशीही नसेल. पुढे कधीतरी येईलच, आपण आगाऊ उपास केला असं समजावं. शिकंजी 'पाणी' खाती. आटवलेलं दूध, केशर, वेलची, सुकामेवा असं ते दाट प्रकरण चमच्याने खावं लागतं, पण ग्लासात येतं. ग्लासात येतं ते पाणी. गराडू हा कंद थंडीतच निघतो, सबब 'हंगामी'. तळलेल्या त्या फोडींवर लिंबू पिळून, जीरावन भुरभुरून पहिला द्रोण संपला की हंगाम किती लहान असतो या विचाराने दुसरा मागवावा.

आता सराफा. दिवसा इथे सोनं विकतात, रात्री दुकानं बंद झाली की त्यांच्याच पुढ्यात कढया चढतात. रात्री वर्दळ राहावी, राखण आपोआप व्हावी म्हणून सराफांनीच खाणावळ्यांना आसरा दिला असं जुने लोक सांगतात. पदरचे पैसे देऊन राखण करणारे राखणदार आणखी कुठल्या बाजाराला मिळाले असतील असं वाटत नाही. तरी ही जागा काटकसरीला उत्तम. जायच्या आधी सोन्याचा दहा ग्रॅमचा भाव बघून घ्यावा; मग भुट्ट्याचा कीस, खोबऱ्याचं पॅटिस, मालपुवा हे सगळं फुकटात मिळाल्यासारखं वाटतं. दहीवडेवाले जोशी द्रोण वर उडवून झेलतात आणि एकाच चिमटीतून मसाले एकेक करून वेगळे सोडतात. हा कार्यक्रम 'करमणूक' खाती. नाटकाच्या तिकिटापेक्षा स्वस्त पडतो आणि मध्यंतरात वडा बाहेर शोधावा लागत नाही.

पाहुणे आले तर फारच छान. मुंबईचा भाचा "मामा, हलकंच काहीतरी खाऊ" म्हणाला की त्याला छप्पन दुकानला न्या. पलासियातली खाण्याच्या दुकानांची ती रांग 2020 मध्ये नव्याने सजवली, गाड्या बाहेर ठेवल्या, त्यामुळे चालायला होतं. चालण्याने भूक लागते. भूक लागली की पाहुण्याला एकट्याने खाऊ देणं आपल्यात बसत नाही. सगळा खर्च 'नातीगोती'.

ज्यांना खरोखर एक पैसाही खर्चायचा नाही त्यांनी नमकीनच्या दुकानात उभं राहावं. लौंग शेव, रतलामी, पालक, टमाटर, जे विचाराल ते आधी तळहातावर येतं. पाच-सहा प्रकारांनंतर दुकानदार "भिया, कितना बाँध दूँ?" असं इतक्या सहजपणे विचारतो की नाही म्हणायची लाज वाटून आपण अर्धा-अर्धा किलो तीन प्रकार घेऊन बाहेर पडतो. तरी चाखलेलं फुकटच की!

पानात टाकायचं मात्र काही नाही. 2017 पासून सलग सात वर्षं देशात स्वच्छतेत पहिला नंबर मिळवलेल्या गावात आहोत, भान ठेवा. इथल्या ओल्या कचऱ्याचा देवगुराडियाला गॅस करतात, रोज 550 टन पचवणारा कारखाना आहे, त्या गॅसवर सिटी बस धावते. अर्धी कचोरी टाकलीत तर तिचा गॅस तिथे होईल, खाल्लीत तर घरी. महापालिकेवर किती भार टाकायचा हे ज्याने त्याने ठरवावं.

शेवटची खुबी अनुभवी लोकांनाच ठाऊक असते. सराफा ऐन रंगात येतो तेव्हा बारा वाजतात आणि तारीख बदलते. बारापर्यंतचं आजच्या पानावर, नंतरची कुल्फी, रबडी, पान हे सगळं उद्याच्या. त्यामुळे आजचा हिशेब रोज बजेटमध्ये बसतो. उद्याचं पान सकाळी उघडाल तेव्हा ते अर्धं भरलेलं दिसेल, पण तोवर पोह्याची गाडी लागलेली असते, आणि तिचा खर्च प्रकृती खाती.