स्वस्त खुर्ची कुठे ठेवली आहे? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ट्रान्सफरबद्दलच्या, म्हणजे म्युझिकल (गाण्या-नाचातून उलगडणारं नाटक) छोट्या थिएटरातून मोठ्या थिएटरात नेण्याबद्दलच्या, माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया परखड आहे आणि मनापासून लिहिलेली आहे. दोन ओळींत आभार मानून मोकळं होणं बरं दिसलं नसतं, म्हणून सविस्तर लिहिते.

इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात. मी लिहिलं होतं की न्यूयॉर्कमध्ये ऑफ-ब्रॉडवेच्या छोट्या थिएटरात गाजलेलं एखादं वेगळ्या वाटेचं म्युझिकल ब्रॉडवेवर, म्हणजे तिथल्या मोठ्या व्यावसायिक थिएटरांत, जाणार म्हटलं की मला आनंद होतो, आणि रसिकांनी पहिल्या काही आठवड्यांतच तिकीट काढून त्याच्या पाठीशी उभं राहावं. तुमचं म्हणणं असं की अशा म्युझिकलने मोठ्या थिएटरात जाऊच नये, गेलं की त्याचा जीव जातो, आणि थिएटरही न झेपेल एवढं मोठं निवडलं जातं. तिथले दर सामान्य रसिकाच्या आवाक्याबाहेरचे असतात, लॉटरी (चिठ्ठी टाकून) आणि रश (त्याच दिवशी रांग लावून) मिळणारी स्वस्त तिकिटं हा निव्वळ देखावा, आणि माझ्यासारखी माणसं निर्मात्यांची वकिली करतात. शेवटी तुम्ही विचारलंय की एवढं सगळं झाल्यावर तिकीट आत्ता काढायचं की थांबायचं.

'जाऊच नये' हे मला अजिबात मान्य नाही. 'अ कोरस लाइन' घ्या. 1974 मध्ये काही नर्तक-नर्तकी रात्रभर बसून आपापल्या आयुष्याबद्दल बोलले, ते टेप झालं आणि त्यातून हे म्युझिकल उभं राहिलं. भव्य नेपथ्य नाही, नायक-नायिका नाही. पांढऱ्या रेषेवर उभे असलेले, काम मागायला आलेले नाचणारे लोक आणि मागे आरसे. 1975 च्या वसंतात ते पब्लिक थिएटरच्या 299 खुर्च्यांच्या न्यूमन थिएटरात झालं आणि त्याच उन्हाळ्यात ब्रॉडवेच्या शूबर्ट थिएटरात गेलं. तिथे 1990 पर्यंत चाललं, 6,137 प्रयोग झाले. पब्लिक थिएटर ही ना-नफा संस्था. सेंट्रल पार्कमध्ये शेक्सपिअर फुकट दाखवणारी हीच ती संस्था, आणि या एका म्युझिकलच्या ब्रॉडवेवरच्या कमाईने तिला कितीतरी वर्षं तारलं. ते न्यूमनमध्येच राहिलं असतं, तर थोड्याच लोकांनी ते पाहिलं असतं आणि संस्थेच्या हाती फारसं काही लागलं नसतं. छोटं थिएटर स्वस्त असतं हेही अर्धंच खरं आहे. गाजलेल्या प्रयोगाच्या 299 खुर्च्या सभासद, देणगीदार आणि ओळखीपाळखीतच संपतात. दर परवडतो, पण तिकीटच मिळत नाही.

तुम्ही पुरावा म्हणून 'नताशा, पिएर अँड द ग्रेट कॉमेट ऑफ 1812' चं नाव घेतलंत. उदाहरण चपखल आहे, फक्त त्यातून मी वेगळा निष्कर्ष काढते. टॉलस्टॉयच्या 'वॉर अँड पीस'मधला एक तुकडा घेऊन डेव्ह मॅलॉय यांनी हे रचलं. 2012 मध्ये आर्स नोव्हा या शंभराच्या आत खुर्च्या असलेल्या जागेत ते झालं, तेव्हा प्रेक्षक टेबलाशी बसलेले आणि नट त्यांच्यामधून वाट काढत गाणारे. पुढच्या वर्षी त्यासाठी खास तंबू उभारला, मग अमेरिकेतल्या केंब्रिजला प्रयोग झाले आणि 2016 मध्ये ते ब्रॉडवेच्या इंपीरियल थिएटरात आलं. हजाराहून जास्त खुर्च्यांचं हे प्रेक्षागृह. तिथे नेपथ्यकार मिमी लिएन यांनी प्रयोग प्रेक्षकांमध्येच घडवण्याचा हट्ट सोडला नाही. सबंध प्रेक्षागृह लाल मखमलीने मढवलं, रंगमंचावर प्रेक्षकांना बसवलं, वरच्या मजल्यापर्यंत जायला नटांना जिने दिले. प्रेक्षकांच्या हातात पिरोगी दिले जायचे आणि अंड्याच्या आकाराचे खुळखुळे वाटले जायचे, गाण्याच्या तालावर वाजवायला. वरच्या मजल्यावरचा माणूसही त्या मेजवानीत सामील व्हावा, याचा इतका विचार मी फार कमी निर्मितींत पाहिलाय. त्या वर्षी सर्वाधिक, म्हणजे 12 नामांकनं त्याला ब्रॉडवेच्या टोनी पारितोषिकांसाठी होती. नेपथ्य आणि प्रकाशयोजनेची पारितोषिकं मिळाली.

म्हणजे मोठ्या थिएटरात त्याचा जीव गेला नाही. गेला तो हिशेबात. जॉश ग्रोबन या लोकप्रिय गायकाच्या नावावर तिकिटं खपत होती. 2017 च्या जुलैत तो बाहेर पडला आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला म्युझिकल बंद झालं. सुमारे 1.4 कोटी डॉलरचं भांडवल वसूल झालं नाही. तिकिटाचा दर म्युझिकलला नव्हे, तर एका नावाला चिकटलेला होता. ते नाव गेल्यावर तो दर टिकण्यासारखा नव्हता, आणि आठवड्याचा खर्च तर तसूभरही कमी होत नाही.

हा खर्च म्हणजे निर्मात्याची हाव, असं तुमच्या प्रतिक्रियेतून ध्वनित होतं. हाव असते, नाही असं नाही. पण खर्चाचं मूळ दुसरीकडे आहे. 1966 मध्ये बॉमोल आणि बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी ते दाखवून दिलं: कारखान्यात यंत्रं येतात आणि तेवढ्याच माणसांत जास्त माल निघतो, पण चार वादकांची रचना वाजवायला शंभर वर्षांपूर्वीही चार वादक लागत होते आणि आजही चारच लागतात. बाकीच्या जगात पगार वाढतात तसे त्यांचेही वाढायलाच हवेत, आणि उत्पादन मात्र तेवढंच राहतं. ब्रॉडवेवर आठवड्याला आठ प्रयोग, त्याहून जास्त ताणता येत नाही. नट, वादक, रंगमंच कामगार यांचे करार, थिएटरचं भाडं आणि वर विक्रीतला हिस्सा, जाहिरात. नटांना आणि पडद्यामागच्या कामगारांना नीट पगार मिळतो ही ब्रॉडवेची मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे, ती मोडून स्वस्ताई आणायला माझी तयारी नाही. त्यातून बहुतेक निर्मितींचं भांडवल कधीच परत येत नाही. पैसे घालणाऱ्यांना हे माहीत असतं, म्हणूनच वेगळ्या म्युझिकलसाठी पैसे उभे करताना दमछाक होते.

सर्वांत वरच्या दराबद्दल मात्र तुमचा राग मला समजतो. 2001 मध्ये 'द प्रोड्यूसर्स'ने 480 डॉलरची 'प्रीमियम' तिकिटं काढली. कारण असं दिलं की नाही तरी काळाबाजारवाले तेवढे घेतातच, मग तो पैसा निर्मितीच्या घरात का येऊ नये? युक्तिवाद खोटा नव्हता. पण एकदा दार उघडलं की बंद होत नाही. 2016 मध्ये 'हॅमिल्टन'चा प्रीमियम दर 849 डॉलर झाला. त्याच वर्षी तिकिटं घाऊक उचलणाऱ्या बॉट्सविरुद्ध (आपोआप चालणाऱ्या संगणक प्रोग्रॅमविरुद्ध) अमेरिकेत केंद्रीय कायदा आला, त्याच्या बाजूने 'हॅमिल्टन'चे कर्ते लिन-मॅन्युएल मिरांडा यांनी जाहीरपणे लिहिलं होतं. कायद्याने दर खाली आले नाहीत.

तरीही मी वरच्या आकड्याकडे फार वेळ बघत नाही. माझा प्रश्न असतो, सर्वांत स्वस्त खुर्ची कुठे ठेवली आहे? आणि इथेच 'निव्वळ देखावा' हा तुमचा शेरा मला खोडून काढायचा आहे.

'रेंट' 1996 मध्ये न्यूयॉर्क थिएटर वर्कशॉपच्या लहानशा जागेतून ब्रॉडवेच्या नेदरलँडर थिएटरात गेलं. ते लिहिणारा जोनाथन लार्सन त्या लहान जागेतल्या पहिल्या प्रीव्ह्यूच्या (अधिकृत शुभारंभाआधीच्या प्रयोगाच्या) दिवशी पहाटेच वारला होता, त्याने ते यश पाहिलं नाही. गोष्ट घरभाडं देता न येणाऱ्या तरुण कलावंतांची. निर्मात्यांनी ठरवलं की पहिल्या दोन रांगा 20 डॉलरला, त्याच दिवशी, थिएटरवरच विकायच्या. मागच्या नाहीत, खांबाआडच्या नाहीत, तर पहिल्या दोन. मुलं रात्रभर फुटपाथवर पथारी टाकून बसू लागली, इतकी की पुढे सुरक्षिततेसाठी रांग बंद करून लॉटरी आणावी लागली. पहिल्या रांगेत बसलं की मान वर करावी लागते, नाचणाऱ्यांची पावलं कधी कधी दिसत नाहीत, पण ओळ उचलण्याआधी गायिकेने घेतलेला श्वास ऐकू येतो. आणि उलट बाजूने, गायिकेला अंधारात जे काही मोजके चेहरे दिसतात ते याच लोकांचे असतात. भाडं थकलेल्या पात्राने गावं आणि समोर त्याच्याच वयाची, रात्रभर रस्त्यावर काढलेली मुलं असावीत, हा दराचा निर्णय होता आणि तितकाच दिग्दर्शनाचाही. 'रेंट' 12 वर्षं चाललं.

'हॅमिल्टन'नेही तोच धडा गिरवला. 10 डॉलरची लॉटरी, 21 खुर्च्या, पहिली रांग. 849 चा दर जाहीर केला त्याच वेळी या खुर्च्या 21 वरून 46 केल्या. याला मी देखावा म्हणणार नाही.

पण लॉटरी पुरेशी आहे का? नाही. ही लॉटरी ऑनलाइन गेली तेव्हा पहिल्याच दिवशी इतके अर्ज आले की वेबसाइट कोसळली. रशची रांग ज्याच्याकडे सकाळ मोकळी आहे त्याच्यासाठी. लॉटरी ज्याचं नशीब आहे त्याच्यासाठी. रात्रपाळी करणारी परिचारिका, दोन मुलांना घेऊन यायचं असलेले आईवडील, दुसऱ्या गावाहून येणारा विद्यार्थी यांना आधीपासून ठरवता येईल असं तिकीट लागतं. लंडनच्या नॅशनल थिएटरने 2003 मध्ये प्रायोजक गाठून ऑलिव्हिए प्रेक्षागृहातल्या जवळपास दोन-तृतीयांश जागा एका हंगामासाठी 10 पौंडांना ठेवल्या. आगाऊ, जाहीर दराने. पहाटेची रांग नाही की चिठ्ठी नाही. नॅशनलला सरकारी अनुदान आहे, ब्रॉडवेवर व्यावसायिक निर्मात्याला ते नाही, त्यामुळे दोन-तृतीयांश मागणं अवाजवी ठरेल. पण ट्रान्सफर जाहीर करतानाच प्रत्येक प्रयोगाच्या ठरावीक जागा, चांगल्या रांगांतल्या, ठरलेल्या कमी दराने आगाऊ विकायला काढणं अशक्य नाही. वेगळ्या म्युझिकलला तर ते फायद्याचंच आहे. त्याच्याकडे ओळखीचं कथानक नसतं, गाणी आधी कानांवर पडलेली नसतात. पहिल्या महिन्यात जे लोक येऊन जातात, तेच बाहेर त्याच्याबद्दल बोलतात, तीच त्याची जाहिरात. त्या महिन्यात फक्त चढा दर परवडणारे आले, तर बोलणारी माणसंच बदलतात. ही मागणी मी निर्मात्यांकडे करते आहे, त्यामुळे वकिलीचा आरोप मला लागू होत नाही.

थिएटरच्या निवडीबद्दलचा तुमचा मुद्दा मात्र मी पूर्ण मान्य करते. मोठं म्हणजे सर्वांत मोठं, असं असू नये. 'ऑपरेशन मिन्समीट' 2019 मध्ये लंडनच्या न्यू डायोरामा या 80 खुर्च्यांच्या थिएटरात सुरू झालं. दुसऱ्या महायुद्धातल्या एका खऱ्या हेरगिरीची गोष्ट, पाच नट सगळ्या भूमिका करतात. पायरी पायरीने वर चढत 2023 मध्ये ते वेस्ट एंडला, म्हणजे लंडनच्या ब्रॉडवेवर, आलं, तेही फॉर्च्यून या तिथल्या अगदी छोट्या थिएटरांपैकी एकात. लंडनच्या रंगभूमीचं, 2024 चं सर्वोत्तम नव्या म्युझिकलचं ऑलिव्हिए पारितोषिक घेऊन 2025 मध्ये न्यूयॉर्कला गोल्डनमध्ये, म्हणजे पुन्हा ब्रॉडवेच्या लहान थिएटरांपैकीच एकात. पाच नटांचा वेग जिथपर्यंत पोहोचतो तेवढंच प्रेक्षागृह. ब्रॉडवेवर ही निवड नेहमी निर्मात्याच्या हातात नसते. बहुतेक थिएटरं मोजक्या मालकांची, आणि जे रिकामं होईल ते घ्यावं लागतं. चुकीच्या घरात घाईने शिरण्यापेक्षा सहा महिने थांबलेलं चांगलं, यावर तुमचं-माझं एकमत आहे.

आता तिकीट आत्ता काढायचं की नंतर. म्युझिकल वेगळं असेल आणि त्यात मोठं नाव नसेल, तर प्रीव्ह्यूला जा. तेव्हा दर बहुधा सौम्य असतात, आणि परीक्षणं चांगली आली की चढतात. मंगळवार-बुधवारची रात्र बघा. शक्य असेल तर थिएटरच्या खिडकीवर जाऊन तिकीट घ्या, ऑनलाइनचं सेवाशुल्क वाचतं. मोठं नाव असेल आणि दर डोक्यावरून जात असेल, तर थांबा. जानेवारी-फेब्रुवारीत गर्दी ओसरते, एकावर एक तिकिटाची योजना असते, आणि टाइम्स स्क्वेअरचं टीकेटीएस हे तिकीटकेंद्र 1973 पासून त्याच दिवसाची तिकिटं कमी दरात विकतंच आहे. पुनर्विक्रीच्या वेबसाइटवरून घेऊ नका, त्यातला एक डॉलरही नटांपर्यंत जात नाही. आणि जागा निवडताना प्रयोग कसा बसवलाय ते आधी विचारा. 'ग्रेट कॉमेट'सारखा सगळीकडे पसरलेला असेल तर वरची मागची रांगही चालेल. चार माणसं हळू आवाजात बोलत-गात असतील, तर मागच्या रांगेची दोन तिकिटं घेण्यापेक्षा पैसे साठवून पुढचं एकच घ्या.