मावशीचा अंगठा

सात वेळा. काल रेशन दुकानात माझ्या मावशीने सात वेळा बोट लावलं आणि सातही वेळा मशीनवर तेच आलं: एरर ३००, बायोमेट्रिक जुळत नाही. उजवा अंगठा झाला, डावा झाला, मग तर्जनी, मग ओल्या फडक्याने पुसून परत उजवा. दुकानदार तिचं बोट धरून काचेवर असा दाबत होता की नख पांढरं पडलं. मागून रांगेतला कोणीतरी, "मावशे, जरा बाजूक रव, आमचा होव दे." आणि मावशी, वेंगुर्ला तालुक्यातल्या याच गावात जन्मलेली, याच गावात दिलेली, टेबल धरून म्हणते, "अरे झिला, मी तुझ्यासमोर उभी आसंय, आणि तुझा मशीन म्हणता मी न्हय?"

तो मान खाली घालून म्हणाला, "माझ्या हातात काय नाय."

या वाक्याने डोकं फिरतं माझं. हा माणूस तिला तीस वर्षं ओळखतो. काकांना खांदा दिलाय याने. पण तिला ओळखायचा अधिकार त्याला नाही, तो वीतभर डबड्याला! ते डबडं ठसा कुठल्यातरी सर्व्हरला पाठवणार, तिकडून हो किंवा नाही येणार, आणि नाही आलं तर जाब विचारायला समोर कोणी नाही. खोटी ठरली ती मावशी. मशीन चुकलं असेल असं त्या रांगेत एकाच्याही तोंडून आलं नाही, हे मला जास्त लागलं.

तिचे हात बघा एकदा. बावीस वर्षं काजूच्या कारखान्यात बिया फोडते. टरफलातला चीक कातडी जाळतो. राख लावा, तेल लावा, बोटांची सालं निघतातच. अंगठ्यावर आता रेषाच राहिल्या नाहीत. चिरेखाणीवर जांभा उचलणाऱ्यांची तीच गत, बंदरावर मासळी निवडणाऱ्या बायांची तीच. हाताने राबतो त्याचाच ठसा उठत नाही आणि रेशनचं धान्य लागतं तेही त्यालाच. हे मशीन करताना कोणाची बोटं समोर ठेवली होती?

ओटीपी घ्या म्हणतात. आधारला नंबर काकांचा. काका गेले, सिम बंद झालं. नंबर बदलायला आधार केंद्रात गेलं की तिथेही आधी अंगठाच मागतात.

आणि नियम नाही असं नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने माणशी ५ किलो धान्य हा तिचा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नाही. ठसा जुळला नाही म्हणून कोणाला रिकाम्या हाताने परत पाठवू नका, असं केंद्राच्या अन्न खात्याने ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यांना लेखी कळवलंय. सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या आधार निकालात न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी वेगळं मत नोंदवलं, की घटनेने दिलेली हमी तंत्रज्ञानाच्या लहरीवर सोडता येत नाही. ते मत अल्पमतात राहिलं. काल त्या टेबलापाशी मला त्यातला शब्द न् शब्द पटला.

बरं, इतकी काटेकोर ओळख मागणाऱ्यांनी आमची माहिती तरी जपावी! आधारची झेरॉक्स लॉजवर द्या, सिमला द्या, गॅसला द्या. झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर अख्ख्या वाडीची कार्डं डेस्कटॉपवर पडलेली मी डोळ्यांनी बघितलीत. मागच्या वर्षी योजनेची यादी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली, नाव, आधार नंबर, बँक खातं, सगळं उघडं. टाकणाऱ्याला कोणी एक शब्द बोललं नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये सांगितलं, २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा कायदाही झाला. आमच्या वाडीपर्यंत त्यातलं काय पोचलं?

मी दुकानदाराला म्हटलं, वहीत लिही आणि धान्य दे. तशी वही नाही म्हणाला. मग धान्य नाकारलं असं तरी लेखी दे म्हटलं, तर तेही नाही. दहा किलो धान्य होतं. रिकामी पिशवी घेऊन आम्ही परत आलो.

रात्री बघतो तर मावशी पडवीत बसून अंगठ्याला खोबरेल चोळतेय. मला म्हणाली, "आठ दिस कामाक जावचंय नाय, मगे ठसो येतलो."

आठ दिवसांची मजुरी तिला कोण देणार?