संधी म्हणता, मग मानधनही सांगा

१९ ते २५ नोव्हेंबरच्या वारसा सप्ताहात इतिहासाच्या पोरांना हेरिटेज वॉक घ्यायची ‘संधी’ आहे, असं लेखात वाचलं. बरं आहे, पण मानधनाचा उल्लेख कुठेच नाही. मागे मी नागपूरच्या महाल भागात असाच वॉक घेतला होता, गांधी गेटपासून म्हणजे जुन्या जुम्मा दरवाजापासून, चांगले तीन तास. घसा बसला. हाती आलं काय, तर अर्धा कप चहा अन् प्रमाणपत्र, त्यातही आडनाव चुकलेलं! त्यापेक्षा मोडी लिपी वाचता येणाऱ्याला भोसलेकालीन कागदांचं काम द्या ना, पैसे देऊन. आणि हो, इथली इंग्रज-भोसल्यांची सीताबर्डीची लढाई १८१७ च्या २६-२७ नोव्हेंबरची. सप्ताह नेमका आदल्या दिवशी संपतो. नागपुरात तरी दोन दिवस वाढवा की!