पनवती

गेल्या आठवड्यात भर स्टेडियममध्ये, पाच-पन्नास माणसांदेखत, मला पनवती ठरवून बाहेर काढलं. बँकेत अर्ध्या दिवसाची रजा टाकून, रांगेत उभं राहून, तिकीट काढून आत बसलेल्या माणसाला! काढणारे पोलीस नव्हते, पंच नव्हते, संयोजकांपैकीही कुणी नव्हतं. ते तात्या होते. तात्यांचं आडनाव मला अजून माहीत नाही आणि ते विचारण्याइतके आमचे संबंध आता राहिलेले नाहीत.

गाव कोल्हापूर, हे वेगळं सांगायला नको. दुसऱ्या कुठल्या गावात एवढ्या गांभीर्यानं कुणी कुणाला फुटबॉलवरून हाकलत नाही. आमच्याकडे क्लब म्हणजे तालीम किंवा पेठेतलं मंडळ. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावं इथं शेंबड्या पोराला रेशनकार्डावरच्या नावांच्या आधी पाठ होतात. ए डिव्हिजनला सोळा संघ. माझा कुठला ते लिहीत नाही, कारण उरलेल्या पंधरांचेही लोक वाचतात. १९४० साली स्थापन झालेली केएसए, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, लीग घेते आणि सगळ्यांचं घरचं मैदान एकच, राजर्षी शाहू स्टेडियम. एका वाड्यात सोळा भाऊ, आणि प्रत्येकाच्या मते वाडा त्याच्या एकट्याच्या वाटणीचा, असा सगळा कारभार.

तर त्या दिवशी चारची मॅच. मी आर. के. नगरहून स्कूटर घेऊन निघालो, मिरजकर तिकटीला अडकलो, खासबागेच्या बाजूला गाडी लावायला जागा शोधत तीन फेऱ्या मारल्या आणि शेवटी कुणाच्या तरी दारात 'येथे वाहने लावू नयेत' या पाटीखालीच, इतर वीस गाड्यांबरोबर लावली. सोबत भाचा. हा भाचा रात्री जागून इंग्लंडमधल्या मॅच बघतो आणि दुपारी तालमीच्या मॅचला येतो. आम्ही आमच्या बाजूच्या पायऱ्यांवर बरी जागा बघून टेकलो.

"हितं बसलासा?"

मागं वळून बघितलं. पांढरी टोपी, गळ्यात टॉवेल, एका हातात छत्री (एप्रिल महिना, आभाळात ढगाचा पत्ता नाही) आणि दुसऱ्या हातात कागदाच्या पुडीत खारे शेंगदाणे. बुडाखाली घडी घातलेली गोणपाटाची चौकोनी बैठक, तिला चारी बाजूंनी निळ्या दोऱ्यानं टीप मारलेली. ही बैठक घरी शिवून घेतलेली होती, हे लगेच कळत होतं. बाकी आम्ही सगळे तापलेल्या पायरीवर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असा भार टाकत बसलो होतो. तात्या मात्र स्थिर.

"का? कुणाची जागा आहे का?"

"जागा कुनाची न्हाई. पन तितं शिवा बसतोय."

"मग शिवा कुठाय?"

"शिवा वारला." तात्यांनी एक शेंगदाणा तोंडात टाकला. "बसा, बसा. बसलाईसा तर आता उठू नगासा. फकस्त पाय हलवायचा न्हाई."

मला वाटलं, गंमत करतायत. आजूबाजूला बघितलं तर त्या पायरीवर खरोखरच कुणी पाय हलवत नव्हतं.

मग चौकशी सुरू झाली. कुठले? पेठेतलेच. कुणाचे? आजोबांचं नाव सांगितलं. तात्यांना आजोबा माहीत होते, चुलते माहीत होते, आमच्या घरासमोरचा नळ माहीत होता. "मग पेठेत दिसत न्हाईसा ते?" म्हटलं, पंधरा-वीस वर्षं झाली, आर. के. नगरला बंगला बांधला. हे ऐकल्यावर तात्यांनी शेंगदाण्याची पुडी, जी इतका वेळ माझ्या दिशेनं थोडी तिरकी होती, ती सरळ केली.

"म्हंजे बाहेरगावासनं आलासा."

"बाहेरगाव कसलं तात्या, आर. के. नगर!"

"गाडीवरनं आलासा का चालत?"

"गाडीवरून."

"मग बाहेरगावच की." आणि शेजारच्याला, मला ऐकू जाईल अशा हळू आवाजात, "मॅचला मानूस चालत येतोय. गाडीवरनं येत्यात ते पावनं."

आता यात मला राग येण्यासारखं काय होतं? भरपूर होतं. ज्या पेठेत माझी मुंज झाली, जिथल्या प्रत्येक बोळाचं टोक कुठं निघतं ते मला डोळे झाकून सांगता येईल, तिथल्या माणसानं मला पाहुणा म्हणावं? बंगला काय हौसेनं बांधला? वाड्याच्या वाटण्यांत माझ्या वाट्याला एक जिना आणि अर्धी माडी आली होती. पण हे सगळं मॅचच्या वेळी शेंगदाणे खाणाऱ्या माणसाला कसं सांगणार? म्हणून मी जरा अक्कल पाजळली. म्हटलं, "तात्या, खरं म्हणजे आता गावाबाहेर मोठं स्टेडियम पाहिजे. पार्किंग, खुर्च्या, वर छप्पर. इथं गावाच्या मधोमध किती दिवस?"

पायरीवर शांतता पसरली. पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून माझा चेहरा बघून घेतला. भाचा मोबाईलमध्ये बघू लागला.

"असलं हितं बसून बोलायचं नसतंय," तात्या म्हणाले. "ग्राउंड ऐकतंय."

आणि गोल झाला. आमच्यावर.

योगायोग. आमचा बॅक उन्हात भेलकांडला, त्यांच्या फॉरवर्डनं चेंडू उचलला, कीपर पुढं आला होता, विषय संपला. ज्याला फुटबॉल कळतो त्याला यात माझा काहीही संबंध दिसणार नाही. पण तात्या मैदानाकडे बघतच नव्हते. ते माझ्या पायाकडे बघत होते.

"हलवलासा न्हवं?"

"नाही हो!"

"हलला," पुढच्या रांगेतला एक जण म्हणाला. "मी बगितलं, डावा." त्याची पाठ माझ्याकडे होती, हे मी सांगून बघितलं. त्याचा काही उपयोग झाला नाही. बघता बघता पंचायत बसली. एकानं विचारलं, मागच्या मॅचला हे होते का? नव्हते. मागची जिंकलो का? जिंकलो. त्याच्या मागची हरलो, तेव्हा होते का? मी प्रामाणिकपणे होय म्हणालो, कारण होतो. सगळ्यांनी एकमेकांकडे बघून माना हलवल्या. ज्या भाच्याला मी स्वतःच्या पैशानं तिकीट काढून आणलं, त्यानं या सगळ्यात चकार शब्द काढला नाही.

"साहेब," तात्या एकदम मऊ आवाजात म्हणाले, आणि इथंच मला कळायला पाहिजे होतं, "जरा च्या पिऊन येतासा काय भाईर?"

बाहेर येऊन चहा हातात घेतो न घेतो तोच आत असा आवाज उठला की टपरीवरच्या काचेच्या बरण्या थरथरल्या. बरोबरी! मी ग्लास ठेवला आणि धावलो. फाटकाशी पोचतोय तर भाच्याचा मेसेज: 'मामा येऊ नको. तात्या म्हणतायत.'

उरलेली मॅच मी कानानं बघितली. हा एक स्वतंत्र प्रकार आहे आणि गावाच्या पोटात स्टेडियम असल्याशिवाय तो जमत नाही. चहावाला खाली मान घालून आलं ठेचत होता. मधूनच म्हणाला, "फ्री किक." विचारलं, कशावरून? "गप झाल्यात की सगळी. कॉर्नरला उठत्यात, फ्री किकला दम धरत्यात." मग आतून लांबलचक 'अरारारारा' आलं. "वरनं गेला," चहावाला. म्हटलं, बाजूनंही गेला असेल. त्यानं माझ्याकडे दयेनं बघितलं. "बाजूनं गेला तर शिवी येती." शेजारच्या दुकानातला माणूस गिऱ्हाइकाला सुटे पैसे देता देता 'बदली खेळाडू आला वाटतं' म्हणाला आणि खरंच आला होता. वरच्या गॅलरीत एक आजी लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी तर मॅच टायब्रेकरला जाणार हे तिथूनच सांगून टाकलं.

उभा राहून राहून पाय दुखले तेव्हा रावणेश्वराच्या देवळाकडे जाऊन आलो. या जागी पूर्वी रावणेश्वराचं तळं होतं. ते बुजवून स्टेडियम झालं. आमच्या गावाला तळी बुजवायची जुनी खोड. कपिलतीर्थाची भाजी मंडई झाली, वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं आणि गांधी मैदानाला दर पावसाळ्यात आपला पूर्वजन्म आठवतो. पण बुजवलेल्या तळ्यावर मधोमध खेळायची जागा ठेवली, एवढी एक गोष्ट गावानं शहाणपणाची केली. शाहू महाराजांचं खासबाग मैदान जवळ, त्याला लागून केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते नाट्यगृह पेटलं तेव्हा रस्त्यावर उभी राहून मोठी मोठी माणसं रडली. त्यांतल्या कित्येकांनी वर्षानुवर्षं तिथं एक नाटक बघितलं नसेल. पण ते जाता-येता दिसायचं.

भाचा सांगत असतो की इंग्लंडातल्या न्यूकॅसलचं स्टेडियमही असंच गावाच्या मधोमध, टेकाडावर आहे. तिथल्या मालकानं २०११ साली सेंट जेम्स पार्क हे नाव बदलून स्वतःच्या दुकानाचं नाव दिलं. लोक इतके खवळले की पुढच्या वर्षी दुसऱ्या प्रायोजकानं पैसे मोजले आणि जुनंच नाव परत लावलं. पैसे देऊन आपलं नाव *न* लावणारा प्रायोजक! आमच्याकडे साध्या पाणपोईवरही सात नावं असतात.

हे सगळं प्रेम वगैरे ठीक आहे. पण मी बाहेर उभा असतानाच आतला सूर बदलला. पंचानं काहीतरी दिलं किंवा दिलं नाही, आणि आधी हुर्यो, मग ठरावीक शिव्या, मग दुसऱ्या पेठेच्या आई-बहिणींची नावं, मग पोलिसांच्या शिट्ट्या. एक बाटली भिंतीवरून बाहेर येऊन माझ्यापासून दोन हातांवर पडली. अर्धी भरलेली. चहावाला तेवढ्यापुरता दचकला आणि परत आल्याकडे वळला, कारण त्याला सवय आहे. ही सवयच मला सहन होत नाही. इथं हाणामाऱ्या होतात, गुन्हे दाखल होतात, मॅच थांबतात, स्पर्धा बंद पडायची वेळ येते. परत सगळे हातापाया पडून सुरू करतात आणि परत तेच. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला, तेव्हापासून गावातला प्रत्येक बाप पोराला बूट घेऊन देतोय. ती पोरं या पायऱ्यांवर बसून काय ऐकतात? माझी बायको लग्नानंतर एकदाच मॅचला आली होती. परत आली नाही, आणि मी 'चल' म्हणत नाही. घरच्या मैदानावर एवढा जीव आहे ना? मग घरात कोण बाटल्या फेकतं? पण हे कुणाला विचारायचं म्हटलं तर त्यासाठी आत जावं लागणार, आणि मला आत प्रवेश नव्हता.

टायब्रेकर. आवाज, शांतता, आवाज, शांतता. मग असा काही जल्लोष की वरच्या आजी लसणाचं सूप बाजूला ठेवून टाळ्या वाजवू लागल्या. जिंकलो. मीही नाचलो. एकटाच. चहावाला विरुद्ध पेठेचा निघाला.

लोंढ्याबरोबर तात्या बाहेर आले. बैठक काखेत, छत्री उघडलेली. सरळ माझ्याकडे आले, दोन्ही हात धरले आणि उरलेले शेंगदाणे पुडीसकट माझ्या हातात ठेवले. "साहेब, लई उपकार झालं. सेमीफायनलला नक्की यायचं."

मी विरघळलो. म्हटलं, येतो की.

"हितंच थांबायचं. टपरीपाशी."

"बाहेर?"

"पन तिकीट काढून हां. आज तिकीट काढून भाईर थांबलासा, म्हनून लागू पडलं."

मी चिडून म्हणालो, तात्या, बाहेर उभं राहायला तिकीट कशाला काढू? त्यावर तिथंच चर्चा झाली आणि माझ्या तिकिटासाठी मंडळातून वर्गणी काढावी असं ठरलं. पाच-दहा रुपये जमलेसुद्धा. अपमान वर्गणी काढून करायची पद्धत मी प्रथमच बघत होतो.

परवा रात्री तात्यांचा फोन. नंबर भाच्यानं दिला. योजनेत बदल आहे. पायरीवरच्या लोकांनी सगळा विचार केला आणि त्यांना असं वाटतं की एवढी चांगली पनवती बाहेर उभी करून वाया घालवण्यात अर्थ नाही. मी सेमीफायनलला विरुद्ध पेठेच्या बाजूला, त्यांच्या मधोमध जाऊन बसावं. पाय हलवायला पूर्ण मोकळीक आहे.

"मारतील की हो मला!"

"कोन वळकतंय? तुमी आर. के. नगरचं न्हवं? गप बसायचं. त्यांचा गोल झालाच तर उठून नाचायचं."

त्यांच्या रंगाची जर्सी तात्या कुठून तरी पैदा करणार आहेत. माप विचारलं. मी एक्सएल म्हणालो. पलीकडे बराच वेळ कुणाशी तरी कुजबुज चालली, आणि मग तात्या म्हणाले, लार्जच मिळतीय, सेमीफायनलला अजून आठ दिवस आहेत, तेवढं भात बंद करून बघा.